बटेरांचा दाखला

मुलुंड, २ फेब्रुवारी १९८६

दादा,

सप्रेम जयभीम लिहायची आपल्याकडं पद्धत आहे. जयभीम लिहिते. सप्रेम लिहवत नाही.

काल सकाळी शेवटचं पाखरू मेलं. पावणेचारशे होती. विहारामागच्या शेडमध्ये आता नुसते पिंजरे आणि फिनेलचा वास. तीन आठवड्यांत तू एकदाही आला नाहीस. मी वाण्याच्या दुकानातून फार्मवर सहा वेळा फोन केला. चार वेळा "डॉक्टर कामात आहेत" असं कुणीतरी सांगितलं. दोनदा तू स्वतः उचललास आणि आवाज बदलून राँग नंबर म्हणालास. मी तुझी बहीण आहे रे. तुझा खोकला ऐकूनसुद्धा मी तुला ओळखते.

तुला विसरल्यासारखं झालंय, म्हणून आठवण करून देते. आमच्या महिला मंडळाला योजना देणाऱ्या समितीच्या मृणालिनीबाईंनी गेल्या वर्षी सभेत विचारलं होतं, ही जपानी बटेरं या बायकांना जमतील का? तेव्हा मी उठून म्हणाले, माझा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, मुरबाडला नंदकिशोर शेठच्या बटेरफार्मवर नोकरीला आहे, पाखरं तिथूनच येतील. बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या तुझ्यासाठी. योजना मंजूर झाली ती तुझ्या नावावर. ऑक्टोबरातली पहिली खेप टकाटक होती. डिसेंबरात अंडी सुरू झाली. दहा जणींनी शेडमध्ये पिंजरे लावले, अकराव्या मालनवहिनीनं नाल्यापलीकडं स्वतःच्या पडवीत.

८ जानेवारीला दुसरी खेप आली. बरोबर तुझ्या सहीचा दाखला, पक्षी निरोगी आहेत म्हणून. चौथ्या दिवशी द्रौपदीमावशीच्या पिंजऱ्यात तीन मेली. मग रोज दहा, रोज वीस. पिसं फुगवून, मान आत घेऊन, डोळे अर्धे मिटून बसायची. खाली पांढरं पाण्यासारखं पडायचं. आणि काही तर अंगानं भरलेली, पोटात दाणे असलेली, सकाळी खाताना बघितलेली, दुपारी आडवी. नव्या खेपेनंतर जुनीही गेली.

मला काही माहीत नव्हतं. बायकांनाही मी तेच सांगितलं.

रोग कुठला होता, एवढं तरी कळव. औषध होतं का, तेही कळव.

शकु

मुलुंड, १६ फेब्रुवारी १९८६

डॉक्टर खिल्लारे,

माझ्या पत्राला उत्तर नाही, पण तुम्ही समितीला दिलेला अहवाल मिळाला. मृणालिनीबाईंनी मला त्यांच्या घरी बोलावून तो वाचायला दिला. चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्यांनाच लाज वाटत होती.

त्यातलं मला पाठ झालंय. "मृत्यूचे कारण : पालनकर्त्या महिलांची व त्यांच्या वस्तीची अस्वच्छता. पिण्याचे पाणी दूषित. पक्षी हाताळताना हातांची स्वच्छता न राखणे. फार्मवरील पक्षी सर्वस्वी निरोगी."

तू शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीस. पाण्याचा थेंब तपासला नाहीस. एक मेलेलं पाखरू उघडलं नाहीस. मग हात कुठून बघितलेस रे?

भांडुपच्या कारखान्यात आपल्या बाबांचा पेला वेगळा होता. खिळ्याला टांगलेला असायचा. हे मला बाबांनी नाही सांगितलं, तू सांगितलंस. बारावीत होतास. सांगून झाल्यावर म्हणालास, शके, मी असा माणूस होईन की आपल्या माणसाच्या हाताला कुणी नाव ठेवणार नाही. आता नाव ठेवायला बाहेरचं कुणी लागलंच नाही. आपल्यातलाच एक डॉक्टर झाला आणि त्यानं शिक्क्यानिशी लिहून दिलं.

शेठचं कळतं मला. त्याला अशी सही हवी होती, आणि आमच्याबद्दल हे लिहायला आमच्यातला माणूस मिळाला तर अजून झकास. कुणी शंका घेणार नाही. तुला हे कळलं नसेल असं नाही.

मायनं विचारलं, कागदात काय हाय? एक ओळ गाळून वाचावं असं मनात आलं. गाळली नाही. तुला माहीत नसेल, पिंजऱ्याखालचे पत्रे रोज तीच धुवायची. धुण्याच्या सोड्यानं, उकळत्या पाण्यानं, सकाळ-संध्याकाळ, चार महिने. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, रात्री खोबरेल लावते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोताच्या हातानं लिव्हलं का टायपाचं हाय?"

मी म्हणाले, टाइप केलेलं आहे, सही हातची आहे.

"मंग सही दाव."

तिला अक्षर येत नाही, पण तुझी सही ओळखता येते. त्या सहीवर तिनं बोट ठेवलं. मग उठली आणि नळावर जाऊन रिकामे पत्रे धुवायला बसली. मी म्हणाले, आता कशाला? तर पत्रे घासत राहिली. दोन दिवस झाले, माझ्याशीही बोललेली नाही. मी नाहक वाचलं असं तिला वाटतंय की काय कुणास ठाऊक.

समितीची सभा २२ मार्चला आहे. अहवाल मान्य झाला तर आमची योजना बंद, शेडची जागा काढून घेणार, आणि पुढं कुठल्याही वस्तीत बायकांनी काही मागितलं की हाच कागद पुढं येणार.

शकुंतला शिवदास खिल्लारे

मुलुंड, ३ मार्च १९८६

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. "प्रकरण वाढवू नकोस, समोरासमोर बोलू." सगळ्यांनी वाचावं म्हणून पोस्टकार्ड पाठवलंस का, की लिहायला एवढंच होतं?

आता मी सांगते ते नीट वाच. पहिल्या पत्रात मी तुला रोग विचारला होता. मला रोग माहीत होता. २८ जानेवारीलाच कळला होता. तू काय सांगतोस ते बघायचं होतं.

मालनवहिनीच्या दिरानं मासळीचा बर्फ दिला. त्या दिवशी सकाळी मेलेली दोन पाखरं मी डब्यात घालून परळला जनावरांच्या कॉलेजात नेली. तूही तिथंच शिकलास. जिन्यात तुमच्या वर्षाचा फोटो आहे, मागच्या रांगेत तू. मी थांबले नाही.

तिथल्या बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाखरू उघडलं आणि मला जवळ बोलावलं. आतड्याला आतून शर्टाच्या बटणाएवढे व्रण. काळजावर पिवळे डाग. म्हणाल्या, बटेरांचा हा ठरलेला रोग आहे, जिवाणूनं होतो, विष्ठेतून एकाचा दुसऱ्याला लागतो. सुरुवातीलाच पाण्यातून औषध दिलं असतं तर पुष्कळ वाचली असती. मी विचारलं, आमच्या घाणीनं झाला का? त्या म्हणाल्या, जिवाणू आल्याशिवाय रोग येत नाही, पाखरं आणली कुठून ते आधी बघा. औषधानं वरून बरी झालेली पाखरंसुद्धा पोटात रोग घेऊन फिरतात. आणि त्या जमिनीवर पुन्हा बटेर ठेवू नका, हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर नाही का?

मी म्हणाले, नाही.

वाईट वाटलं ना वाचून? मलाही म्हणताना वाटलं होतं. आता वाटत नाही.

दुसरी गोष्ट. मालनवहिनीची चाळीसच्या चाळीस पाखरं जिवंत आहेत. तीही तुमच्याच फार्मची, पण ऑक्टोबरची. जानेवारीत तिची लेक बाळंतपणाला आली होती, हातात वेळ नव्हता, म्हणून तिनं दुसरी खेप घेतली नाही. खाद्य आमच्याच गोणीतलं. पाणी आमच्याच नळाचं. नाला तोच, माश्या त्याच. बाळंतिणीच्या धावपळीत ती शेडकडं फिरकली नाही आणि तिच्याकडं आमच्यापैकी कुणी गेलं नाही. फरक काय तो एवढाच. हे शोधायला मला तुझ्यासारखं पाच वर्षं शिकावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट तुला आवडणार नाही. फार्मवरचा अंबादास रविवारी आला होता. आपल्या जिंतूरकडचाच, त्यानं मायला ओळखलं. चहा ठेवला तर प्यायला नाही. म्हणाला, आधी ऐका, मग प्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. डिसेंबरात तुमच्या फार्मवर दोन हजार मेली. मागच्या बाजूला खड्डे करून चुना टाकून पुरली, ती त्याच्याच हातानं. उरलेल्यांना पाण्यातून औषध चालू होतं, ते ८ जानेवारीच्या सकाळपर्यंत. म्हणजे गाडीत चढेपर्यंत पाखरं ताजीतवानी. इथं आल्यावर औषध बंद, आणि पोटातला रोग उसळला. शेठ म्हणत होता, लवकर मोकळी करा. दाखला ऑफिसात टाइप झाला. अंबादास म्हणाला, डॉक्टरसाहेब पेन हातात धरून बराच वेळ बसले होते.

तो बराच वेळ तू कसला विचार केलास, ते मला सांग. आम्ही आठवलो का? आठवलो आणि तरी सही केलीस, की आठवलोच नाही? यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

औषध होतं तुझ्याकडं. नुसता फोन उचलून औषधाचं नाव सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी घाटकोपर, ठाणं पालथं घातलं असतं. पण नाव सांगितलं की रोग होता हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

२२ तारखेला ये. तुझ्या अहवालाची वाट लावणार आहे मी, ती समोर बसून बघ.

शकु

मुलुंड, २४ मार्च १९८६

दादा,

आलास. शेठच्या जीपमधून आलास, शेठच्या शेजारी बसलास. शाळेच्या हॉलमध्ये इकडं आम्ही अकरा जणी, तिकडं तू.

परळच्या बाईंचा कागद मी वाचून दाखवला. अंबादासचं नाव घेतलं नाही, त्याची नोकरी आहे. मग मालनवहिनी उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही, शेठकडं न बघता तुझ्याकडं बघून बोलली, "डॉक्टरांनू, नळ तोच, गोणी तीच, घाण म्हणशात तर ती पण तीच. मगे रोग माज्याकडे कित्याक नाय इलो?"

मृणालिनीबाईंनी तुला उत्तर द्यायला सांगितलं. तू म्हणालास, सर्व बाजू तपासाव्या लागतील. एवढंच. शेठ मान डोलावत होता. पोरगा किती मेहनतीनं शिकला असं वस्तीत सगळे म्हणायचे, ते एवढं वाक्य शिकायला.

तरी तुझ्या अहवालाचं काम झालं नाही. बाईंनी तो बाजूला ठेवला. निर्णय पुढच्या सभेत, आणि तोपर्यंत फार्मच्या डॉक्टरनं लेखी खुलासा द्यावा, असं ठरलं.

त्यानंतरचं तू बघितलं नाहीस, जीप सुटली होती. मी बायकांना म्हणाले, मी तुम्हाला ही पाखरं आणून दिली, पण हे सगळं माझ्याकडून नकळत झालं. द्रौपदीमावशी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पिंजऱ्यातली पाखरं पहिल्यांदा गेली. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती, मी तिला ओढून मंडळात आणली होती. तिनं शांतपणे विचारलं, "खेप आली तेव्हा पेट्या तूच उघडल्यास ना गं?"

दादा, हे मी तुला लिहिलं नव्हतं. कुणालाच बोलले नव्हते. त्या दिवशी एका पेटीत दोन पाखरं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती. मी हात लावला तरी हलली नाहीत. मी चमकले. मी लगेच तुला फोन केला, तेव्हा तू उचललास. म्हणालास, प्रवासाचा ताण आहे, गुळपाणी द्या. तुझ्या आवाजात काहीतरी अडकलेलं होतं आणि ते मला ऐकू आलं. मी ती पेटी परत गाडीत चढवू शकले असते. गाडी अजून उभी होती. पण सगळ्या बायका बघत होत्या, ड्रायव्हर म्हणत होता, डॉक्टरांची बहीण ना तुम्ही? आणि मला ते आवडलं. मी त्यांना म्हणाले, प्रवासाचा ताण आहे.

हॉलमध्ये मी हे सगळं सांगितलं. नकळत म्हणाले ते खोटं होतं, मला शंका आली होती, असं सांगितलं. द्रौपदीमावशीनं पदर सारखा केला आणि निघून गेली.

संध्याकाळी तू एकटाच घरी आलास. दारात चपला काढताना रडलास. मायच्या पायाशी बसून म्हणालास, माझा इलाज नव्हता, नोकरी गेली असती, माफ कर. मायनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तो तिच्या मांडीवरच राहिला. तुला पाणी दिलं. तू गेल्यावर मला म्हणाली, "रडाया घरी येतो, बोलाया तिकडं जातो."

मला यात भर घालायची नाही. चार भिंतींतली माफी नको. बदनामी कागदावर केलीस, कागदावरच काढून टाक.

शकु

मुलुंड, २ एप्रिल १९८६

दादा,

तुझा खुलासा मिळाला. समितीला देण्याआधी मला पाठवलास ते बरं केलंस. रोगाचं नाव बरोबर आहे. डिसेंबरातली मर लिहिली आहेस, औषध चालू होतं हे लिहिलं आहेस. वस्तीतल्या महिलांची स्वच्छता निर्दोष होती, असंही आहे. ते वाचताना मायला हाक मारली.

पण तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंस, "सदर पक्षी रोगवाहक असताना माझ्याकडून नकळत निरोगी असल्याचा दाखला दिला गेला."

कागद परत पाठवते आहे. तो एक शब्द काढ. आणि "दिला गेला" नाही, "मी दिला".

तू म्हणशील, शकु शब्दांवर अडून बसली. होय, बसले. त्या शब्दामुळं शेठही सुटतो आणि तूही सुटतोस, आणि पावणेचारशे पाखरं आपोआप मेली असं होतं. हाच शब्द मी सगळ्या जणींसमोर वापरला होता, आणि त्यांच्यासमोरच मागं घेतला. त्यानंतर नळावर माझ्या बाजूला कुणी हंडा लावत नव्हतं. नऊ दिवस. मी तुला ते सोपं आहे असं सांगत नाही.

सभा १० तारखेला आहे.

शकु

मुलुंड, ११ एप्रिल १९८६

दादा,

तुझा कागद नऊ तारखेला मिळाला. शब्द काढलास. "मी जाणूनबुजून दिला" असं लिहिलंस. एवढं मी मागितलंही नव्हतं.

काल तो सभेत वाचला गेला. पहिला अहवाल रद्द झाला, आणि तसं लेखी मिळालं. योजना चालू राहील, पण शेड विहारामागं नाही. ती जमीन रिकामी ठेवायची, परळच्या बाईंनी तसं कळवलंय. समिती टेकडीच्या बाजूला दुसरी जागा देतेय. या खेपेला पाखरं विकत आणायची नाहीत. मालनवहिनीची अंडी उबवायला ठेवायची, ती म्हणाली, माझी घ्या. त्याआधी तिची सहा पाखरं परळला तपासून आणली. आता सहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

द्रौपदीमावशीनं कागद माझ्याकडून मागून घेतला. तिला वाचता येतं, थोडं थोडं. बोट ठेवत पूर्ण वाचला, मग मला म्हणाली, उद्या जागा बघायला जाताना मला हाक मार. बस्स, एवढंच. त्यावर मी घरी येऊन रडले.

तुझी नोकरी गेल्याचं अंबादासकडून कळलं. मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होते. वाटलं. राग गेलेला नाही. दोन्ही आहे, आणि एकामुळं दुसरं कमी होत नाही.

तू विचारलंयस, सोमवारी जयंतीला यावं का? दरवर्षी तू विहारात पोरांपुढं भाषण करतोस, डॉक्टर म्हणून तुला हार घालतात. यंदा पत्रिकेत तुझं नाव नाही. हार नाही, भाषण नाही. वस्तीत लोक तुझ्याकडं बघतील आणि काही जण तोंडावर बोलतील. मालनवहिनी तर नक्कीच बोलेल. मी मध्ये पडणार नाही.

यायचं असेल तर सकाळी ये. नव्या जागेवर दगड वेचायचे आहेत, सगळ्या बायका सातला निघणार आहेत. माय पण येतेय.

जयभीम.

शकु